चौरस फुटांचा हिशेब

विद्यापीठांची अंतर्गत वार्तापत्रे सहसा कोणी जपून ठेवत नाही. कोणाला बढती मिळाली, कोण निवृत्त झाले, कोणत्या विद्यार्थ्याने पारितोषिक पटकावले, वाहने उभी करण्याचे नवे नियम काय, अशा मजकुराने ती भरलेली असतात आणि यथावकाश रद्दीत जातात. मार्च १९९९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील प्राध्यापकांच्या वार्तापत्राचा जो विशेषांक निघाला, त्याच्या वाट्याला मात्र निराळे भाग्य आले. विज्ञान शाखेतील ज्येष्ठ स्त्री-प्राध्यापकांना जागा, मोबदला, मानसन्मान आणि निर्णयप्रक्रियेतील सहभाग या बाबतींत पुरुष सहकाऱ्यांच्या तुलनेत कमी मिळत आले आहे, अशी कबुली त्या अंकात होती. कोणत्याही न्यायालयाने तसा निकाल दिलेला नव्हता, सरकारी चौकशीचा ससेमिरा नव्हता, मोर्चे निघाले नव्हते. संस्थेने स्वतःच आपला दोष छापला होता. जगभरच्या विज्ञानसंस्थांत स्त्रियांच्या स्थानाविषयी पुढे जी चर्चा झाली, तिच्यात या अहवालाचा दाखला आजही दिला जातो.

ही एमआयटी म्हणजे पुण्यातील त्याच आद्याक्षरांची संस्था नव्हे, हे सांगितलेले बरे. १८६१ साली बोस्टनमध्ये स्थापन झालेली आणि १९१६ पासून चार्ल्स नदीच्या पलीकडच्या केंब्रिज गावात नांदणारी ही संस्था अभियांत्रिकीसाठी प्रसिद्ध असली, तरी तिची विज्ञान शाखाही तितक्याच तोलामोलाची आहे. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, मेंदू व बोधनविज्ञान आणि पृथ्वी व ग्रहविज्ञान असे या शाखेचे सहा विभाग. १९९४ साली या सहाही विभागांत मिळून टेन्युअर, म्हणजे कायमस्वरूपी नेमणूक, मिळालेले १९४ पुरुष होते आणि स्त्रिया होत्या १५. कायम व हंगामी असे सारे प्राध्यापक धरले, तरी स्त्रियांचे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपासच भरत होते, आणि निदान दहा वर्षे ते जवळजवळ जागच्या जागी होते. याच काळात वर्गांतील चित्र मात्र झपाट्याने बदलत होते. जीवशास्त्रासारख्या विषयात पदवीच्या वर्गात मुली मुलांच्या बरोबरीने बसत होत्या. फळ्यासमोर उभे राहणाऱ्यांत मात्र त्या क्वचितच दिसत.

खोली नाही म्हणून प्रवेश नाही

मराठीत ‘जागा’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. मोकळे क्षेत्रफळ म्हणजे जागा आणि नोकरीतील पद म्हणजेही जागा. एमआयटीतील स्त्रियांचा इतिहास लिहायचा तर या एका शब्दाने बरेचसे काम भागेल.

या संस्थेची पहिली विद्यार्थिनी एलन स्वॉलो. रसायनशास्त्र शिकण्यासाठी १८७० च्या अखेरीस तिला ‘विशेष विद्यार्थिनी’ म्हणून प्रवेश मिळाला आणि फीसुद्धा माफ झाली. गरिबीमुळे आपल्याला ही सवलत मिळाली, असा तिचा समज होता. विश्वस्तांनी उद्या हरकत घेतलीच, तर ‘ती आमची विद्यार्थिनी नव्हेच’ असे सांगण्याची सोय अध्यक्षांना राहावी, म्हणून फी घेतली गेली नव्हती, हे तिला मागाहून कळले. १८७३ साली ती पदवीधर झाली, लग्नानंतर एलन रिचर्ड्स या नावाने पाण्याच्या शुद्धतेच्या अभ्यासात तिने मोठे काम केले, १८७६ पासून स्त्रियांसाठीच्या वेगळ्या प्रयोगशाळेत शिकवले, आणि १८८४ साली ती संस्थेत अध्यापक झाली. प्राध्यापकपद तिला कधीच मिळाले नाही. १९११ साली निधन होईपर्यंत ती अध्यापकच राहिली.

पुढची कित्येक दशके मुलींना येथे उघड मज्जाव नव्हता. अडचण होती ती राहण्याच्या खोल्यांची. मुलींसाठी वसतिगृहात खाटा मोजक्या, म्हणून प्रवेशही मोजके. ही कोंडी एका माजी विद्यार्थिनीनेच फोडली. १९०४ साली येथून जीवशास्त्राची पदवी घेतलेल्या कॅथरीन डेक्स्टर मॅकॉर्मिक या धनाढ्य बाईंनी वसतिगृहासाठी देणगी दिली आणि १९६३ साली मॅकॉर्मिक हॉल उभा राहिला. (गर्भनिरोधक गोळीच्या संशोधनाचा बराचसा खर्चही याच बाईंनी सोसला होता.) पुढे विद्यार्थिनींची संख्या वाढू लागली. मुलींना बुद्धी कमी, त्यांना गणिताची आवड नाही, अशी कारणे त्याआधीची अनेक वर्षे सांगितली जात होती. प्रत्यक्षात प्रश्न बऱ्याच अंशी विटा आणि सिमेंटचा होता, हे वसतिगृह झाल्यावर दिसून आले.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत भेदभावविरोधी कायदे व नियम विद्यापीठांना लागू झाले आणि स्त्रियांच्या नेमणुकांची पहिली लाट आली. त्या लाटेत १९७३ साली एमआयटीच्या कर्करोग संशोधन केंद्रात दाखल झालेल्या तरुण संशोधिकांपैकी एक होत्या नॅन्सी हॉपकिन्स.

दोनशे चौरस फूट

हॉपकिन्स या हार्वर्डमध्ये शिकलेल्या. डीएनएची रचना उलगडणारे जेम्स वॉटसन यांचे व्याख्यान १९६३ साली ऐकून त्या रेण्वीय जीवशास्त्राकडे ओढल्या गेल्या. चळवळीचा वाराही त्यांना लागलेला नव्हता. कायदे झाले, दारे उघडली, आता जिच्यात गुणवत्ता असेल तिला कोण अडवणार, असे त्यांचे प्रामाणिक मत होते. विज्ञानात काम करणाऱ्या बहुतेकांचे असेच मत असते. प्रयोगाचा निष्कर्ष कोणी काढला यावर त्याचा खरेखोटेपणा ठरत नाही, ही विज्ञानाची शिकवणूक. तीच संस्थांच्या कारभारालाही लागू असणार, असे गृहीत धरले जाते.

कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूंवर पंधरा वर्षे काम केल्यावर १९८० च्या दशकाच्या अखेरीस हॉपकिन्स यांनी विषय बदलला. जर्मनीतील ट्युबिंगेन येथे क्रिस्टियाने न्युसलाइन-फोल्हार्ड यांच्या प्रयोगशाळेत झेब्रा माशावरील काम त्यांनी पाहिले होते. बोटाच्या पेराहून थोडा मोठा, अंगावर पट्टे असलेला हा मासा घरच्या काचपेटीत अनेकांनी पाळलेला असतो. त्याच्या गर्भाची वाढ आईच्या शरीराबाहेर होते, गर्भ पारदर्शक असतो आणि एका दिवसात शरीराचा मुख्य आराखडा तयार होतो. कोणते जनुक बिघडले म्हणजे वाढीतील कोणती पायरी चुकते, हे सूक्ष्मदर्शकाखाली थेट पाहता येते. पण अशा प्रयोगांना मासे हजारोंनी लागतात, आणि मासे म्हटले की टाक्या आल्या, टाक्या म्हटल्या की जागा आली.

हॉपकिन्स यांनी आणखी दोनशे चौरस फूट मागितले. मुंबईच्या चाळीतील एका खोलीहून ही जागा फार मोठी नव्हे. ती मिळाली नाही. आपल्याकडे इतरांपेक्षा कमी जागा आहे, हे त्यांनी सांगून पाहिले; तसे काही नाही, असे उत्तर आले. तेव्हा त्यांनी टेप घेतली आणि रात्रीच्या वेळी इमारतीतील प्रयोगशाळा मोजायला सुरुवात केली. त्यांच्या स्वतःच्या वाट्याला सुमारे दीड हजार चौरस फूट होते. नुकतेच रुजू झालेल्या पुरुष प्राध्यापकांकडे दोन हजारांच्या घरात, आणि त्यांच्या बरोबरीच्या ज्येष्ठ पुरुषांकडे तीन हजारांपासून सहा हजारांपर्यंत. वीस वर्षे नोकरी झालेल्या प्राध्यापिकेकडे कालच्या पोरापेक्षा कमी जागा होती.

या प्रसंगातील मोजमापाला महत्त्व आहे. अन्याय झाल्याची भावना ही भावनाच राहते. तिला उत्तर म्हणून ‘तुमचा स्वभाव भांडकुदळ’ असे म्हणता येते. आकड्याला तसे उत्तर नसते. शिवाय समोरचे सारे वैज्ञानिक. मोजलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा, हे त्यांचे व्रत.

तरीही केवळ आकड्यांनी काम झाले नसते. आपण उभारणीस हातभार लावलेला एक अभ्यासक्रम शिकवण्याच्या कामातून बाजूला काढले गेल्यावर हॉपकिन्स यांनी संस्थेचे अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांना पत्र लिहायचे ठरवले. पत्राचा मसुदा त्यांनी एका ज्येष्ठ सहकारी बाईंना दाखवला. या बाई म्हणजे मेरी-लू पार्ड्यू, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सदस्य आणि नामांकित आनुवंशशास्त्रज्ञ. दोघी जेवायला बसल्या असताना पत्र पुढे सरकवताना हॉपकिन्स यांना धास्ती होती. पार्ड्यू काय म्हणतील? ज्यांना विज्ञान नीट जमत नाही, त्या अशा तक्रारी करतात, असे तर त्यांना वाटणार नाही? पार्ड्यू यांनी पत्र शेवटपर्यंत वाचले आणि आपल्यालाही त्यावर सही करायची आहे, असे सांगितले.

या सहीत सगळ्या प्रकरणाचे मर्म आहे. दोघी एकाच विभागात वर्षानुवर्षे काम करत होत्या, एकमेकींविषयी आदर बाळगून होत्या, आणि या विषयावर त्या कधीही बोलल्या नव्हत्या. प्रत्येकीला वाटत होते की जे घडते आहे ते फक्त आपल्याच बाबतीत घडते आहे. कदाचित आपल्यातच काही कमी असेल. विभागात स्त्रिया दोन-तीनच असल्या म्हणजे असे होणारच. शंभरांत आठ असलेल्यांना आपला अनुभव ताडून पाहायला दुसरे कोणी सापडत नाही.

सोळा सह्या

१९९४ च्या उन्हाळ्यात या दोघींनी आणखी एका ज्येष्ठ सहकारी बाईंना सोबत घेऊन विज्ञान शाखेतील कायम नेमणुकीच्या स्त्रिया शोधायला सुरुवात केली. मोजून पंधरा निघाल्या. अभियांत्रिकीत मूळ नेमणूक असून विज्ञान शाखेशीही संबंध असलेल्या दोघी धरून सतरा. एकेकीशी बोलणे झाले. सतरापैकी सोळा जणींनी निवेदनावर सह्या केल्या.

या सोळा जणी म्हणजे कर्तृत्वात मागे पडलेल्यांचा गट असता, तर गोष्ट तिथेच संपली असती. पण त्यांच्यातील चौघींना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले आहे. कार्बनच्या रूपांवरील संशोधनासाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या मिल्ड्रेड ड्रेसेलहाउस यांना ते १९९० सालीच मिळालेले होते. मेंदूविज्ञानातील अ‍ॅन ग्रेबिएल, रसायनशास्त्रातील जोॲन स्टब आणि समुद्रातील अतिसूक्ष्म जीवांच्या अभ्यासक पेनी चिझम यांना ते नंतर लाभले. राष्ट्रीय अकादमीवर निवडून गेलेल्याही त्यांत बऱ्याच होत्या. आपल्या क्षेत्रात सर्वोच्च मान मिळवलेल्या स्त्रियांनाच आपल्या संस्थेत दुय्यम वागणूक मिळत असेल, तर गुणवत्तेचा युक्तिवाद उरत नाही.

निवेदन विज्ञान शाखेचे अधिष्ठाता रॉबर्ट बर्जेनो यांच्याकडे गेले. ते स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी दोन गोष्टी केल्या, आणि त्या दोन्ही प्रशासनात सहजी घडत नाहीत. एक, त्यांनी स्त्रियांचे म्हणणे ऐकून घेतले. दुसरी, आपल्याजवळची आकडेवारी स्वतः तपासून पाहिली आणि बायकांचे म्हणणे खरे आहे, या निष्कर्षावर ते आले. विभागप्रमुख सारे पुरुष होते. चौकशी समितीच्या कल्पनेला त्यांच्यातून आरंभी विरोध झाला; तो मावळायला काही महिने गेले. १९९५ च्या सुरुवातीस हॉपकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली समिती कामाला लागली. तिच्यात तीन ज्येष्ठ पुरुष प्राध्यापकही घेण्यात आले. पुरुषांना कसे वागवले जाते हे बायकांना ठाऊक असणे अवघड होते, म्हणून त्यांची उपस्थिती उपयोगी पडली.

समितीला जे आढळले ते सरसकट नव्हते. काही विभागांत वाटप समान होते, काहींत नव्हते. जेथे नव्हते तेथे फरक प्रयोगशाळेच्या जागेत होता, शिकवण्याच्या कामाच्या वाटणीत होता, पारितोषिकांच्या शिफारशींत होता, महत्त्वाच्या समित्यांवर कोणाला घेतले जाते यात होता. पगारातही एक गुंतागुंत होती. अमेरिकन विद्यापीठात प्राध्यापकाच्या पगाराचा काही हिस्सा त्याने बाहेरून मिळवलेल्या संशोधन-अनुदानातून काढला जाऊ शकतो; तो हिस्सा किती असावा, यातही स्त्री-पुरुषांत अंतर होते. दुसऱ्या विद्यापीठाकडून बोलावणे आले, तर त्या व्यक्तीला थांबवून धरण्यासाठी संस्था किती धावपळ करते, हेही सर्वांसाठी सारखे नव्हते. यातील एकही गोष्ट स्वतंत्रपणे पाहिली तर क्षुल्लक. प्रत्येकीला काही ना काही सबब सापडतेच. पण वीस वर्षांत त्यांची बेरीज होते, आणि चक्रवाढ व्याजासारखी होते. जागा कमी म्हणून विद्यार्थी कमी, विद्यार्थी कमी म्हणून शोधनिबंध कमी, निबंध कमी म्हणून पुढचे अनुदान कमी; आणि मग जागा मागायला गेले की ‘तुमचे काम तेवढे मोठे नाही’ हे उत्तर तयार.

अहवालातील सर्वांत विचार करायला लावणारा भाग मात्र आकड्यांचा नव्हता. समितीने नवोदित प्राध्यापिकांशीही बोलणे केले. त्यांची मुळीच तक्रार नव्हती. विभाग आपल्याला चांगले वागवतो, आपण बाई आहोत याने आपल्या कामात अडथळा येणार नाही, घर आणि प्रयोगशाळा यांचा मेळ घालणे तेवढे जड जाईल, असे त्यांचे म्हणणे. आणि ज्येष्ठ स्त्रिया सांगत होत्या की तरुणपणी आपणही हेच म्हणत होतो. पद वाढत गेले तसतसे त्या निर्णयाच्या वर्तुळाबाहेर ढकलल्या गेल्या. म्हणजे प्रत्येक नवी पिढी मागच्या पिढीकडे पाहून ‘त्यांचा काळ वेगळा होता’ असे समजत आली होती, आणि पंधरा-वीस वर्षांनी तीच त्यांच्या जागी येऊन उभी राहत होती. भेदभाव म्हणजे दार बंद करणे, एवढीच सर्वांची व्याख्या असल्याने हा दुसरा प्रकार ओळखूच येत नव्हता. वाईट हेतू कोणाचाच नसताना, केवळ न तपासलेल्या गृहीतकांच्या बळावर तो चालू राहत होता.

गोपनीय अहवाल आणि पहिले पान

पहिला अहवाल १९९६ साली तयार झाला आणि गोपनीय राहिला. त्यात व्यक्तिगत पगाराची माहिती होती, विभागांची नावे होती. दुरुस्तीचे काम मात्र थांबले नाही. बर्जेनो यांनी पगार, जागा आणि निवृत्तिवेतन यांतील तफावती भरून काढायला सुरुवात केली होती. हॉपकिन्स यांना माशांसाठी जागा मिळाली. तिचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. त्यांच्या चमूने झेब्रा माशाच्या आरंभीच्या वाढीसाठी आवश्यक असलेली ३१५ जनुके शोधून काढली आणि २००४ साली ते काम प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून आल्या.

अहवालाचा जाहीर करण्याजोगा भाग १९९९ साली वार्तापत्रात आला. त्याला अध्यक्ष व्हेस्ट यांनी चार ओळी जोडल्या. विद्यापीठातील लिंगभेद हा काही अंशी वास्तव आणि काही अंशी समज असतो, असे आपण मानत आलो. त्यातील वास्तवाचा भाग कितीतरी मोठा आहे हे आता उमगले, असा त्यांचा आशय. २१ मार्चला ‘बोस्टन ग्लोब’ने ही बातमी पहिल्या पानावर घेतली, दोन दिवसांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने. एप्रिलमध्ये हॉपकिन्स यांना व्हाइट हाऊसचे निमंत्रण आले. ‘ग्लोब’च्या ज्या वार्ताहराने ही बातमी दिली, त्या केट झर्निकी यांनी २०२३ साली या सोळा जणींवर सविस्तर पुस्तकही लिहिले.

जानेवारी २००१ मध्ये हार्वर्ड, स्टॅनफर्ड, प्रिन्स्टन, बर्कली यांसह नऊ विद्यापीठांचे प्रमुख एमआयटीत जमले आणि स्त्री-वैज्ञानिकांना समान संधी देण्यात अडथळे आहेत, हे त्यांनी एका निवेदनाद्वारे मान्य केले. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने याच कामासाठी ‘ॲडव्हान्स’ ही अनुदान योजना सुरू केली.

टीकाही झाली, आणि ती सगळीच उडवून लावण्यासारखी नव्हती. अलास्का विद्यापीठातील मानसशास्त्राच्या प्राध्यापिका ज्युडिथ क्लाइनफेल्ड यांचा आक्षेप होता की ज्यांची तक्रार त्यांनीच चौकशी केली, आणि ज्या आकड्यांवर निष्कर्ष काढला ते आकडेच वाचकाला दाखवले नाहीत. दुसऱ्या टीकाकारांनी शोधनिबंध आणि त्यांचे उल्लेख मोजून, पुरुषांचे काम अधिक असल्यानेच त्यांना अधिक मिळाले असेल, अशी शंका मांडली. आकडे प्रसिद्ध न करण्याचे कारण समजण्यासारखे होते. विभागात दोनच स्त्रिया असतील तर सरासरी पगार छापणे म्हणजे नावासह पगार छापणे. तरी विज्ञानाच्या कसोटीवर हा अहवाल तोकडा होता, हे मान्यच करायला हवे. मोजमापाच्या बळावर उभी राहिलेली तक्रार जाहीर होताना मोजमापाविना जाहीर झाली. मात्र निबंधांची संख्या पुढे करणाऱ्यांनी जागेचे आणि निबंधांचे ते दुष्टचक्र लक्षात घेतले नव्हते.

अन्यत्र मात्र मोजमाप होत होते. १९९७ साली ‘नेचर’मध्ये क्रिस्टीन वेनेरोस आणि अ‍ॅग्नेस वोल्ड या दोन स्वीडिश संशोधिकांनी तेथील वैद्यकीय संशोधन मंडळाच्या शिष्यवृत्त्यांचा अभ्यास छापला. परीक्षकांकडून सारखेच गुण मिळवण्यासाठी स्त्री उमेदवाराचे काम पुरुषाच्या सुमारे अडीच पट असावे लागत होते. २०१२ साली येल विद्यापीठाच्या संशोधकांनी १२७ विज्ञान प्राध्यापकांना प्रयोगशाळेतील नोकरीसाठीचा एकच अर्ज पाठवला. निम्म्यांना ‘जॉन’च्या नावाने, निम्म्यांना ‘जेनिफर’च्या. जॉन अधिक लायक ठरला आणि त्याला देऊ केलेला वार्षिक पगार सरासरी ३०,२३८ डॉलर निघाला, जेनिफरचा २६,५०८. लक्षणीय गोष्ट अशी की स्त्री-प्राध्यापकांनीही जेनिफरला तितकेच कमी लेखले. याच्या उलट निष्कर्षही आले आहेत. २०१५ साली कॉर्नेलच्या दोन संशोधकांनी सहायक प्राध्यापकपदासाठीच्या काल्पनिक उमेदवारांची तुलना करायला लावली, तेव्हा स्त्रियांना दुपटीने पसंती मिळाली. कागदावरच्या निवडीत चित्र पालटले असेल, तर त्यात या साऱ्या गाजावाजाचा वाटा किती, हे वेगळे मोजावे लागेल.

जानेवारी २००५ मध्ये हार्वर्डचे तत्कालीन अध्यक्ष लॉरेन्स समर्स यांनी एका परिषदेत, विज्ञानाच्या शिखरस्थानी स्त्रिया कमी असण्यामागे उपजत क्षमतेतील फरकाचे कारण असू शकेल, असा विचार मांडला. श्रोत्यांत हॉपकिन्स होत्या. त्या उठून बाहेर गेल्या आणि काय घडले ते त्यांनी पत्रकाराला सांगितले. वादळ उठले. समर्स यांनी पुढच्या वर्षी पद सोडले, त्याला इतरही कारणे होती. ‘विचार मांडण्याचेही स्वातंत्र्य नाही का’ असे त्यांच्या बाजूने विचारले गेले. स्वातंत्र्य होतेच. पण ज्या शहरात वसतिगृहातील खाटांच्या संख्येला मुलींची बुद्धी समजले गेले होते, तेथे उपजत क्षमतेचा सिद्धान्त मांडताना आधी खाटा मोजणे अगत्याचे होते.

बदलले काय, राहिले काय

२०११ साली एमआयटीने पुन्हा आढावा घेतला. विज्ञान आणि अभियांत्रिकी शाखांतील स्त्री-प्राध्यापकांची संख्या सुमारे दशकभरात जवळजवळ दुपटीवर गेली होती. बाळंतपणानंतरच्या सवलतींची नियमावली झाली होती, आवारात पाळणाघर आले होते, विभागप्रमुख आणि अधिष्ठाते या पदांवर स्त्रिया दिसू लागल्या होत्या. संस्थेच्या अध्यक्षपदीच २००४ साली सुसान हॉकफील्ड या मेंदूविज्ञानाच्या प्राध्यापिका आल्या होत्या.

आणि नव्या कुरबुरीही होत्या. प्रत्येक समितीवर एक तरी स्त्री असावी असा दंडक झाला; स्त्रिया थोड्या असल्याने त्याच त्या बायका समित्यांवर जाऊ लागल्या आणि संशोधनाचा वेळ बैठकांत जाऊ लागला. ‘ती बाई म्हणून निवडली गेली’ अशी कुजबुज गुणवंत तरुणींच्या वाट्याला आली. मुलांच्या संगोपनासाठीची सवलत आई-बाप दोघांनाही लागू झाली, तेव्हा काही पुरुष तो वेळ शोधनिबंध लिहिण्यात घालवतात, अशी तक्रार निघाली. न्यायाचे नियम केले की त्यांतून असे काही ना काही उगवतेच. त्यासाठी नियमच नकोत, असे मात्र त्या स्त्रियांपैकी कोणी म्हटले नाही.

२०२० साली विज्ञान शाखेच्या अधिष्ठातापदी प्रथमच एका स्त्रीची नेमणूक झाली. त्या नर्गिस मावळवाला. लाहोरला जन्मलेल्या, कराचीच्या पारशी कुटुंबात वाढलेल्या या भौतिकशास्त्रज्ञ एमआयटीतच रेनर वाइस यांच्या विद्यार्थिनी. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या ‘लायगो’ प्रकल्पात त्यांनी उमेदीची वर्षे घालवली, आणि २००२ साली त्या येथे प्राध्यापक झाल्या. २०१५ साली अशा लहरींची पहिली नोंद झाली तेव्हा त्या चमूत त्या होत्या. याच जातीची वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आणि त्यासाठी २,६०० कोटी रुपये ठरवले. पुण्याच्या आयुकाचा तिच्यात मोठा सहभाग आहे. प्रकल्प पूर्ण झाला की तेथेही प्राध्यापकांच्या, संशोधकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या जागा निघतील.

एमआयटीत पदवी स्तरावर मुलींचे प्रमाण आता निम्म्याच्या जवळ आहे. प्राध्यापकांत ते प्रमाण तेवढे नाही, आणि इतक्यात होणारही नाही. यात भेदभावापलीकडचे एक साधे गणितही आहे. अमेरिकेत १९९४ पासून प्राध्यापकांना सक्तीची निवृत्ती नाही. विभागात पन्नास जण असतील आणि वर्षाकाठी एक-दोनच जागा रिकाम्या होत असतील, तर प्रत्येक दुसरी नेमणूक स्त्रीची केली तरी सगळा विभाग पालटायला पंचवीस ते पन्नास वर्षे लागतात. एकदा झालेली चूक तितकीच वर्षे टिकते. म्हणून एखाद्या विभागात या वर्षी निघालेली एक जागा कोणाला मिळते, हा तेथे आजही अतिशय गंभीर चर्चेचा विषय असतो.